ल्वूफला राहिलेलं परत मिळतं का? थोडं सविस्तर

ताई, तुम्ही विचारलंय की सासूबाईंचं माहेर ल्वूफचं, म्हणजे तेव्हा पोलंडमधलं नि आता युक्रेनमधलं ल्विव, दुसऱ्या महायुद्धानंतर बॉर्डर सरकली आणि सगळं सोडून यावं लागलं, तर पोलंड तिथला ठेवा परत का मागत नाही आणि घरचं काही मिळेल का. मी 12 वर्षं पोलंडमधल्या व्रोत्सवाफ शहरात राहतोय, शेजारीपाजारी तिकडून आलेली घरं बरीच आहेत, त्यामुळे हा विषय माझ्या अगदी जवळचा आहे.

आधी हे सांगतो की काहीच आलं नाही असं नाहीये. इथल्या मुख्य चौकात नाटककार फ्रेद्रोचा पुतळा आहे, सगळे "फ्रेद्रोपाशी भेटू" म्हणतात, तो मूळचा ल्वूफचा, 1956 ला इथे बसवला. आणि सासूबाईंना इथलं रात्सवावित्सेच्या लढाईचं पॅनोरमा चित्र दाखवायला एकदा आणाच. 114 मीटर लांब, 15 मीटर उंच, 1894 ला ल्वूफमध्ये उघडलेलं, गोल फिरून बघायचं, पुढे खरी माती आणि झाडंझुडपं ठेवलीत, माती कुठे संपते नि कॅनव्हास कुठे सुरू होतो ते पटकन कळतच नाही. हे चित्र 1946 ला गुंडाळी करून इथे आलं पण लोकांना बघायला मिळालं थेट 1985 मध्ये, कारण त्यात 1794 ला पोलिश लोक रशियन सैन्याला हरवताना दाखवलेत, ते सोव्हिएतच्या सावलीत लावणार कोण.

खरं दुखणं आहे ते ओसोलिनेउम या ल्वूफच्या पोलिश लायब्ररीचं. 1946-47 ला थोडा भाग इथे पाठवला, तोही युक्रेनी जनतेची "भेट" म्हणून, मोठा भाग तिकडेच राहिला. पुस्तकं, वर्तमानपत्रं तिथल्या जेसुइट चर्चमध्ये रचून ठेवली होती कितीतरी वर्षं. मिएचिस्वाफ गेंबारोविच नावाचे ल्वूफमधले तिचे शेवटचे डायरेक्टर, त्यांना इकडे येता आलं असतं पण संग्रहाजवळ राहायचं म्हणून ते ल्वूफ सोडून गेलेच नाहीत, 1984 ला तिथेच वारले. मला हा माणूस फार मोठा वाटतो.

मग मागत का नाहीत? मागतात, बोलणी होतात, पण एक अडचण आहे. क्राकूफच्या यागिएलोनियन लायब्ररीत बर्लिनच्या प्रशियन लायब्ररीचा संग्रह आहे, मोझार्ट-बेथोव्हेनच्या हातची हस्तलिखितं त्यात आहेत. युद्धात बॉम्बपासून वाचवायला जर्मनांनी ती सायलेशिया या तेव्हाच्या जर्मन प्रांतात हलवली होती, आणि 1945 ला सायलेशियाच पोलंडला मिळाला. जर्मनी ते मागतंय. 1977 ला पोलंडचा तेव्हाचा कम्युनिस्ट नेता गिएरेक याने काही हस्तलिखितं पूर्व जर्मनीला दिली, बाकी इथेच. आता "ज्यांनी जमवलं त्यांचं" हा नियम ल्विवसाठी लावला की बर्लिनवाले तोच नियम क्राकूफला लावणार. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की वस्तू परत येण्याची वाट बघत बसू नका, स्कॅनच्या मागे लागा, ओसोलिनेउमचं तिथल्या लायब्ररीबरोबर ते काम झालेलं आहे.

घराजमिनीचं म्हणाल तर 2005 च्या कायद्याने किमतीच्या 20 टक्के भरपाई होती, अर्जाची मुदत 2008 अखेर संपली, तेव्हा अर्ज केला नसेल तर ते दार बंद झालं. पण कागद मिळतात. चर्चची बाप्तिस्मा-लग्नाची रजिस्टरं बरीचशी वॉर्सात आहेत, शंभर वर्षांपेक्षा जुनी आगाद या सरकारी अर्काइव्हमध्ये, त्यातली पुष्कळ ऑनलाइन आहेत, नवीन असतील ती वॉर्साच्या जन्ममृत्यू नोंदणी ऑफिसात, आणि काही ल्विवच्या अर्काइव्हमध्ये. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींना मी त्यांच्या वडिलांची नोंद काढून दिली होती, त्या प्रिंटवरून बोट फिरवत आज्यापणज्यांची नावं दोनदोनदा मोठ्याने वाचत बसल्या होत्या.

आधी सासूबाईंना चर्चचं नाव आणि गल्लीचं जुनं पोलिश नाव विचारून ठेवा, त्याशिवाय शोधताच येत नाही. नोंदी लॅटिनमध्ये असतात, अक्षर लागलं नाही तर फोटो टाका, मी वाचून देतो.