इटलीच्या १४ दिवसांच्या शैक्षणिक सहलीसाठी मुलीची एफडी मोडावी का?

प्रश्न : माझी मुलगी सोलापुरात अकरावी कॉमर्सला आहे. तिच्या क्लासतर्फे येत्या मे महिन्यात विद्यार्थ्यांची इटलीला १४ दिवसांची शैक्षणिक सहल जाणार आहे. फ्लोरेन्स आणि सिएनात मुक्काम, सकाळी इटालियन भाषेचे वर्ग, दुपारी फिरणं. खर्च ३ लाख ६० हजार, कर वेगळे. नाव नोंदवायला महिनाअखेरपर्यंत ४० हजार भरायचे आहेत, ते परत मिळणार नाहीत. मिस्टरांचं अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचं जॉबवर्क आहे, मी खाजगी शाळेत शिकवते. घरखर्च ३८ हजार, महिन्याला सोळाएक हजार शिल्लक राहतात. मुलीच्या पदवीसाठी एका सहकारी बँकेत ६ लाखांची एफडी आहे, अडीअडचणीला सव्वा लाख बाजूला आहेत, जूनमध्ये ८० हजारांची भिशी लागेल. आयोजक १४ टक्क्यांनी कर्ज करून देतो म्हणतात. मुलीला पुढे टेक्स्टाइल डिझाइन शिकायला इटलीलाच जायचंय. तिला भाषेचं अंग आहे, शेजारच्या काकूंकडे जाऊन-येऊन ती तेलुगू छान बोलायला लागली. मैत्रिणींची नावं गेलीसुद्धा. एफडी मोडू की कर्ज काढू?

उत्तर :

ताई, एफडी मोडू नका आणि कर्जही काढू नका. यंदाच्या या सहलीला मुलीला पाठवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. इटालियन मात्र तिला याच महिन्यापासून शिकू द्या, आणि बारावीची परीक्षा झाली की इटलीला पाठवा. तेव्हा ती जास्त दिवस राहील, खर्चही कमी येईल.

आधी खरा खर्च पाहू. ३ लाख ६० हजारांवर टूर पॅकेजचा ५ टक्के जीएसटी म्हणजे १८ हजार. इटलीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाची (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक व्हिसा) फी मोठ्यांना ९० युरो आहे, त्यावर व्हिसा केंद्राचा आकार, किमान ३० हजार युरो संरक्षणाचा प्रवास विमा आणि कागदपत्रांसाठी मुंबई-पुण्याची फेरी. हे सगळं मिळून बारा-पंधरा हजार. मुलीच्या हातात खर्चायला, बॅग-कपड्यांना चाळीसेक हजार लागतातच. बेरीज ४ लाख ३० हजारांच्या पुढे जाते. शिवाय परदेशी टूर पॅकेजवर पहिल्या रुपयापासून टीसीएस, म्हणजे आयोजकानं तुमच्याकडून आगाऊ वसूल करायचा आयकर, कापला जातो. तो खर्च नव्हे, ज्याच्या पॅनवर कापला जाईल त्याला विवरणपत्र भरताना वळता होतो. पण तोवर पैसे अडकतात, आणि पॅन चुकीचा दिला तर सोडवताना नाकी नऊ येतात.

आता या पैशांत भाषा किती मिळते? तुम्ही पाठवलेल्या माहितीपत्रकात वर्गाचे दिवस ८ आणि रोजचे तास ३ आहेत. म्हणजे २४ तास. युरोपात भाषेच्या ए१ ते सी२ अशा सहा पायऱ्या मानतात. त्यातली पहिली, म्हणजे ओळख करून देणं, दुकानात मागणं, रस्ता विचारणं एवढं जमायला साधारण ८० ते १०० तास लागतात. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची संस्था आपल्या अधिकाऱ्यांना इटालियन कामापुरती यावी म्हणून साडेपाचशे-सहाशे तास शिकवते, आणि तीही त्यांच्यासाठी सोप्या भाषांत मोडते. तेव्हा २४ तासांत मुलगी पहिली पायरीही पुरती चढणार नाही. सगळा खर्च वर्गावर टाकला तर एक तास जवळपास १८ हजारांना पडतो. हा हिशेब थोडा अन्यायाचा आहे हे मला कळतं, कारण विमान, मुक्काम, जेवण, उफिझी संग्रहालय हेही त्यात आलं. पण तुम्ही हा खर्च ‘शिक्षण’ म्हणून शिक्षणाच्या एफडीतून करायला निघाला आहात, म्हणून शिक्षण किती ते मोजायलाच हवं. सहल म्हणून ती छान असेल. मग सहलीच्या पैशांतून करा, आणि तेवढे पैसे आज तुमच्याकडे नाहीत.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकते. माहितीपत्रकात वर्ग ‘फक्त आपल्या ग्रुपसाठी’ असल्याचं मोठ्या कौतुकानं छापलंय. सोलापूरचीच तीस-पस्तीस मुलं एका वर्गात, दोघा-तिघांत हॉटेलची खोली, बस आपली, टूर मॅनेजर मराठी, संध्याकाळी भारतीय जेवण. या सगळ्यात इटालियन बोलायची गरज कुणाला आणि कधी पडणार? परदेशात जाऊन भाषा येत नाही असं मी म्हणत नाही. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले आणि तिथे चिनी शिकले. पण ते तिथे माणसांत राहिले, काम केलं, वर्षं काढली. तुमची मुलगी तेलुगू शिकली तीही तशीच. काकूंच्या ओट्यावर रोज तास-दीड तास, वर्षभर, चुकत-माकत. तिला भाषेचं अंग आहे याचा तुम्ही दिलेला हा पुरावा मला फार मोलाचा वाटतो, आणि तो या सहलीच्या बाजूने नाही. या मुलीला तास द्या, माणसं द्या, ती शिकेल.

कर्जाचं थोडक्यात सांगतो. ३ लाख ६० हजार, १४ टक्के, तीन वर्षं : हप्ता सुमारे १२ हजार ३०० आणि एकूण व्याज ८३ हजारांच्या घरात. म्हणजे मुलगी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला पोचेपर्यंत तुमच्या सोळा हजार शिलकीतले बारा हजार १४ दिवसांच्या सहलीपायी जात राहणार. जॉबवर्कचा धंदा तुम्हाला ठाऊक आहे. ऑर्डर दोन महिने थंडावली तरी बँकेचा हप्ता थांबत नाही. आयोजक त्याला ‘एज्युकेशन लोन’ म्हणत असले तरी ते साधं वैयक्तिक कर्ज आहे. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची करसवलत त्याला मिळणार नाही.

एफडी मोडायची म्हटली तर मुदतीआधीचा दंड आहेच, पण खरं नुकसान वेगळं आहे. मुलीला खरोखर इटलीत शिकायचं असेल तर ही ६ लाखांची ठेवच तिचा इटलीचा रस्ता आहे. तिथल्या सरकारी विद्यापीठांची फी कुटुंबाचं उत्पन्न आणि मालमत्ता पाहून ठरते. तुमच्यासारख्या मध्यम उत्पन्नाच्या घराला ती बरीच खाली येऊ शकते, आणि प्रांतांच्या शिष्यवृत्त्या परदेशी विद्यार्थ्यांनाही खुल्या असतात. म्हणजे फीपेक्षा राहण्या-जेवण्याचा खर्च मोठा, आणि विद्यार्थी व्हिसा मागताना निर्वाहाचे पैसे आहेत हे दाखवावं लागतं. त्या दिवशी बँकेच्या कागदावर ६-७ लाख असणं आणि पावणेदोन लाख असणं यात मुलीचं वर्ष जाऊ शकतं.

तिथं इंग्रजीतून पदव्या आहेत, मग इटालियन कशाला, असं कुणी म्हणेल. मी तसं म्हणणार नाही. खोली भाड्यानं घेणं, छोटं काम मिळवणं, कारखान्यात इंटर्नशिप करणं हे भाषेशिवाय अवघड जातं. आणि टेक्स्टाइल म्हटलं की इटालियनला आपल्याकडे वेगळी किंमत आहे. टॉवेल विणायचे रॅपिअर माग तिथे बनतात, प्रातो आणि कोमो ही गावं कापडावर उभी आहेत, कापडयंत्रांचं जागतिक प्रदर्शन ‘इटमा’ २०२३ मध्ये मिलानलाच भरलं होतं. टॉवेलच्या घरातल्या मुलीनं मिलानच्या कंपनीशी तिच्या भाषेत बोलावं, ही कल्पना मला मनापासून आवडते. म्हणूनच पैसे योग्य जागी आणि योग्य क्रमाने लागावेत एवढा माझा आग्रह आहे.

आता क्रम. या महिन्यापासून चांगल्या शिक्षकाकडे ऑनलाइन वर्ग लावा, पाच-सहा मुलांची तुकडी असेल तर उत्तम. तासाला ४०० रुपये धरले तर ८० तासांचे ३२ हजार होतात, वर्षभरात विभागले तर महिन्याला अडीच-पावणेतीन हजार. बारावीच्या डिसेंबरनंतर वर्ग बंद ठेवा, परीक्षा आधी. वर्ग ठरवताना शिक्षकांना विचारा की ते चिल्स, चेली किंवा प्लिदा या परीक्षांच्या धर्तीवर शिकवतात का. चिल्स सिएनाच्या, तर चेली पेरुजाच्या परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या विद्यापीठाची परीक्षा आहे, आणि प्लिदा दांते अलिगिएरी सोसायटीची. पुढे कुठं दाखवायची वेळ आली तर यांचं प्रमाणपत्र चालतं. सहलीत मिळणारं ‘सहभाग प्रमाणपत्र’ भिंतीवर लावण्यापुरतं.

मग बारावीचे पेपर मार्चमध्ये संपले की एप्रिल-मे मोकळे. तेव्हा मुलगी १८ ची असेल. सिएना, पेरुजासारख्या गावांत भाषाशाळांचे चार आठवड्यांचे वर्ग असतात, आठवड्याला २० तास. म्हणजे ८० तास, आणि शेजारी बसलेली मुलं जपान, ब्राझील, जर्मनीची. वर्गाबाहेरही त्यांच्याशी इटालियनमध्येच बोलावं लागतं. शाळेगणिक फरक पडेल, पण फी ८०० युरो, वाटून घेतलेली खोली ४५० आणि जेवण ३५० धरू. युरो शंभराच्या वर आहे, तेव्हा हे १ लाख ७० हजार. विमान ६५ हजार, व्हिसा-विमा १५ हजार, हातखर्च २० हजार. एकूण २ लाख ७० हजार. तासाला पडले ३ हजार ४०० च्या आत, तेही पहिली पायरी घरी चढून गेल्यावर. चार आठवडे ९० दिवसांच्या आतले असल्याने शेंगेनचा अल्पमुदतीचा व्हिसाच पुरतो. आणि शाळेची फी तुम्ही स्वतः बँकेमार्फत पाठवली तर ती टूर पॅकेज ठरत नाही. अशा रकमेवर एप्रिल २०२५ पासून एका आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंत टीसीएस नाही.

पैसे कुठून? शिलकीतले ११ हजार दरमहा आवर्ती ठेवीत टाका. सोळा महिन्यांत व्याजासह १ लाख ८५ हजारांच्या आसपास जमतील. जूनची भिशी ८० हजार, ती घरात खर्च न करता सरळ यात. पाच-सात हजार कमी पडतील, तेवढे दिवाळीच्या बोनसमधून निघतात. उरलेले अडीच हजार अडीअडचणीच्या रकमेत घाला. सव्वा लाख म्हणजे जेमतेम तीन महिन्यांचा घरखर्च, आणि घरात धंदा असेल तर सहा महिन्यांचा हवा. या सोळा महिन्यांसाठी म्युच्युअल फंडाची एसआयपी नको. बाजार ऐन एप्रिलमध्ये पडला तर तिकीट काढायला पैसे नसतील.

एकटी मुलगी चार आठवडे परक्या देशात, ही धास्ती मी कमी लेखत नाही. क्लासमधल्या दोन-तीन मैत्रिणींच्या घरी हा हिशेब दाखवा. यंदा नावं गेलेल्यांपैकी एखादीला पुढच्या वर्षी खरं शिकायला जायचं असेल. शाळेच्या वसतिगृहात दोघींना एक खोली मिळाली की तुमचीही काळजी निम्मी होईल. मुलीलाही सोबत बसवून हे आकडे दाखवा, लपवू नका. ‘नाही’ एवढंच ऐकलं तर तिला मैत्रिणींचे फोटो बघून वाईट वाटेल. तारीख, गाव आणि आवर्ती ठेवीचं पुस्तक हातात दिलं तर ती स्वतः वर्ग बुडवणार नाही.

एवढं सांगूनही घरात सगळ्यांचं मन सहलीकडेच असेल, तर ४० हजार भरण्याआधी आयोजकांकडून दोन गोष्टी लेखी घ्या : व्हिसा नाकारला गेला तर किती रक्कम परत, आणि मुलांची पातळी पाहून वर्ग वेगळे करणार की सगळे एकत्र. लेखी द्यायला ते कां-कूं करू लागले तर तेच उत्तर समजा.

जाता जाता एफडीबद्दल. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळाकडून एका बँकेतल्या ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज धरून ५ लाखांपर्यंतच संरक्षण आहे. तुमची ठेव ६ लाखांची आहे आणि एकाच ठिकाणी. मुदत पुरी झाली की दोन बँकांत विभागा.

आणि पासपोर्ट आत्ताच काढायला टाका, सोलापूरच्या पोस्ट ऑफिस पासपोर्ट सेवा केंद्रात काम होतं. अर्ज करताना एक लक्षात ठेवा : १५ ते १८ वयाच्या मुलांना १० वर्षांचा पासपोर्ट मागता येतो, फी १,५००. ५०० रुपये वाचवायला अल्पवयीनांचा साधा पासपोर्ट घेतला तर तो अठराव्या वाढदिवसाला संपेल, आणि एप्रिलमध्ये व्हिसाच्या ऐन घाईत पुन्हा अर्ज करत बसावं लागेल.