ताई, हे मोमोच ना?

प्रश्न : ताई, नमस्कार. दिवाळीत मुलगा-सून पुण्याहून आले होते. सूनबाईने हौसेने आम्हाला डिमसम खायला नेलं. टोपलीत चार नग आणि किंमत तीनशे वीस! यांच्या कपाळाला आठ्या. “एवढ्यात गाडीवर चार प्लेट मोमो येतात, चटणीसकट,” म्हणाले. दोन्हींत फरक तो काय? आणि सासूबाई माळकरी आहेत, पुढच्या वेळी त्यांना न्यावं का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : तुमच्या ह्यांचं अगदीच चुकलं नाही. काही हॉटेलांत मोमोच टोपलीत घालून डिमसमच्या भावाने विकतात. पण मोमो तिबेट-नेपाळकडचा, मैद्याच्या पारीचा. डिमसम हा मुळात एक पदार्थच नाही. दक्षिण चीनमधल्या कँटनकडे चहाबरोबर जे छोटं छोटं खाणं येतं, त्या सगळ्याला मिळून डिमसम म्हणतात. आपण ‘फराळ’ म्हणतो, त्यात चकलीही आली नि लाडूही, तसंच. तिकडे सकाळपासून दुपारपर्यंत खातात आणि त्या बेताला म्हणतात ‘यम चा’, म्हणजे चहा पिणं.

तुमच्या टोपलीत एखादा काचेसारखा होता का, आतल्या कोळंबीचा गुलाबी रंग बाहेरून दिसणारा? तो ‘हार गाव’. त्याची पारी कशाची असते ऐका : गव्हाच्या चिकाची! उन्हाळ्यात आपण कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवतो, वाटतो, गाळतो, वरची निवळी ओतून देतो आणि तळाशी पांढराशुभ्र चीक बसतो, तोच. फक्त तिकडे तो वाळवून पीठ करतात. त्या पिठाच्या चिनी नावातही निवळण्याचाच अर्थ आहे. त्यावर उकळतं पाणी ओतून, थोडं टॅपिओकाचं, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाचं, पीठ घालून मोदकासारखी उकड काढायची. गव्हातला चिवटपणा चोथ्याबरोबर निघून गेलेला, म्हणून ही पारी ताणली की फाटते. ती पातळ लाटून बारीक चुण्या घालणं हे खरं कसब, आणि पैसे त्याचे.

म्हणून पहिल्यांदा पारी बघा. मागच्या वर्षी इथल्याच एका हॉटेलात मी टोपलीतला पहिला उचलला, तर पारी खाली कागदाला चिकटलेली आणि नुसतं सारण माझ्या काड्यांत. वेटर म्हणाला, “मॅडम, सॉस लावा, कळत नाही.” टोपली परत पाठवली. वाफ जास्त झाली की असं होतं. आणि गार झाला की चीक घट्ट होतो, हे तुम्हाला मी काय सांगायचं! टोपली आली की गप्पा बाजूला ठेवून आधी खायचं.

चहा बिनदुधाचा मागवा. किटलीचं झाकण सरकवून ठेवलं की ‘पुन्हा भरा’ अशी तिकडे खूण असते. सोलापुरात ती चालत नाही, मी करून पाहिलंय. हाकच मारावी लागते.

सासूबाईंना मिश्र हॉटेलात नेऊ नका, असं माझं स्पष्ट मत. टोपल्या एकावर एक रचून वाफवतात, वरच्या चिकनचं पाणी खालच्या भाजीवर ठिबकतं. व्हेज म्हणून आलेल्या भाजीत ऑयस्टर सॉस असू शकतो, तो कालवांचा. सूपचं पाणीही कोंबडीचं निघतं. शुद्ध शाकाहारी हॉटेल मिळालं तर खुशाल न्या, नाहीतर त्यांना घरी चीक करून दूध-साखर घालून द्या.

प्रश्न : गाडीवरचं मंचुरियन खोटं चायनीज आहे, असं मित्र चिडवतो. खरं का?
– एक विद्यार्थी, विजापूर रोड

उत्तर : मित्र बरोबर आहे, पण चिडण्यासारखं त्यात काही नाही. मंचुरियन मुंबईचं. 1975 च्या सुमाराला क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वाँग या आचाऱ्यांनी आपलं आलं-लसूण-हिरवी मिरची घेतली, गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला आणि कॉर्नफ्लॉवरने रस दाट केला, असं सांगतात. चीनच्या ईशान्येकडच्या मंचुरियाचा फक्त नावापुरता संबंध. मूळ पदार्थ चिकनचा; कोबीचे गोळे नंतर आले, तुझ्यामाझ्यासारख्यांसाठी. फक्त रसात तासभर बुडून बसलेले घेऊ नकोस, समोर कढईत टाकायला लाव. आणि चायनीज भेळ घरी न्यायची असेल तर तळलेल्या नूडल्स वेगळ्या बांधून घे. सात रस्त्यापर्यंत पोचेस्तोवर लगदा होतो.