क्लेव्हिसला लॉक लावल्याशिवाय रिमोटवरचं मॉडेल विमान उडवू नकोस
अरे, मोटर-बॅटरी नंतर बघू, आधी लिंकेज नीट कर, म्हणजे सर्वो (छोटी कंट्रोल मोटर) आणि विमानाचे हलणारे भाग (सरफेस) यांना पुशरॉडने जोडणारी जोडणी. क्लेव्हिस (रॉडच्या टोकाची चिमट्यासारखी क्लिप) हॉर्नमध्ये (सरफेसवरची भोकं असलेली पट्टी) टक्कन बसली म्हणजे काम झालं असं नसतं, व्हायब्रेशनने ती उघडते, म्हणून सिलिकॉन फ्युएल ट्यूबचा छोटा तुकडा आधीच पुशरॉडवर ओवून ठेव आणि नंतर क्लेव्हिसवर सरकव, माझं एक विमान एवढ्याशा तुकड्यावाचून गेलंय रे, एलिव्हेटरच (नाक वर-खाली करणारा शेपटीचा भाग) सुटला. सर्वो आर्मच्या (सर्वोवरची फिरणारी पट्टी) बाजूला झेड-बेंड (रॉडचं टोक Z सारखं वाकवणं) सगळ्यात भरवशाचा. रॉड आर्मला आतल्या भोकात आणि हॉर्नला बाहेरच्या भोकात लाव, थ्रो (सरफेस किती हलतो ते) कमी मिळतो पण ढिलेपणा कमी होतो, आणि ढिलेपणातूनच फ्लटर (उडताना सरफेसचं जोरात फडफडणं) सुरू होतो. हॉर्नची भोकं बरोब्बर हिंज लाइनच्या (बिजागरीच्या रेषेच्या) वर हवीत. लांब रॉड दाबाखाली वाकतो, मध्ये आधार दे. आर्मचा स्क्रू लावलास ना? शेवटी रेडिओ ऑन ठेवून प्रत्येक सरफेस हाताने हलवून ढिलेपणा नाही ना ते बघ.