पुण्याहून जालंधरला बदली झालीय, जवानाचं बिऱ्हाड कमी खर्चात कसं हलवावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: यजमान सैन्यात नाईक, पुण्याहून जालंधर छावणीत बदली, मुलं आठवीत आणि पाचवीत, आणि खिशातून कमीत कमी पैसे जायला हवेत.

सगळे ट्रकच्या भाड्याची धास्ती घेतात, पण हिशोब बहुतेकदा तिथे कोलमडत नाही. तो कोलमडतो जुनं घर सोडल्यापासून नवं क्वार्टर मिळेपर्यंतच्या मधल्या दिवसांत. पीस स्टेशन (जिथे कुटुंब सोबत ठेवता येतं असं ठिकाण) असलं तरी पोचल्या दिवशीच किल्ली हातात पडत नाही, वेटिंग लिस्ट असते. तेवढ्यापुरतं बाहेर घर घेतलं की अनामत गेली, दलाली गेली, आणि क्वार्टर मिळाल्यावर हमाली पुन्हा एकदा. त्या दुसऱ्या हलवाहलवीचे पैसे कुणी देत नाही. म्हणून यजमानांनी आधी एकट्याने हजर व्हावं, लगेच क्वार्टरचा अर्ज टाकावा आणि यादीत नंबर कितवा आहे ते कळवावं. तोवर पुण्याचं क्वार्टर किती दिवस ठेवता येईल, याची परवानगी स्टेशन मुख्यालयातून लेखी घ्या. तोंडी ‘राहा हो’ म्हणणाऱ्यावर विसंबू नका, मुदत उलटली की दंडाचं भाडं पगारातून कापलं जातं. कुटुंब मागाहून गेलं म्हणून सरकारी प्रवासाचा हक्क जात नाही. त्यालाही मुदत असते, ती क्लार्ककडून तारखेनिशी विचारून ठेवा.

आता पैसे. सातव्या वेतन आयोगाच्या नियमांनुसार बदलीचं एकरकमी अनुदान मूळ पगाराच्या 80 टक्के मिळतं, दोन ठिकाणांत 20 किलोमीटर किंवा जास्त अंतर असेल तर. मूळ पगार 32,300 असेल तर 25,840 रुपये. सामानाचे पैसे याहून वेगळे. नाईक पे लेव्हल 4 मध्ये येतो, तिथे मर्यादा 1,500 किलो आणि रस्त्याने नेल्यास मूळ दर किलोमीटरला 15 रुपये. (हवालदार झाल्यावर 3,000 किलो आणि 25 रुपये.) महागाई भत्ता 50 टक्क्यांनी वाढला की हा दर 25 टक्क्यांनी वाढतो, आणि भत्ता जानेवारी 2024 पासून 50 टक्क्यांवर गेला, तेव्हा चालू दर ऑफिसातून घ्या. अंतर 1,800 किलोमीटर धरलं तर मूळ दरानेच 27,000 होतात. पण ही वरची मर्यादा आहे. प्रत्यक्ष खर्च आणि मर्यादा यांत जे कमी ते मिळतं. फुगवलेलं बिल लावायचा सल्ला देणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. असा दावा पकडला गेला तर प्रकरण वसुलीवर थांबत नाही, शिस्तभंगाच्या कारवाईपर्यंत जातं.

पैसे मागाहून येतात आणि खर्च आधी होतो, म्हणून मूव्हमेंट ऑर्डर, म्हणजे बदलीवर निघायचा लेखी आदेश, निघाली की आगाऊ रकमेचा अर्ज द्या. त्याआधी पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे जवानाच्या कुटुंबाची अधिकृत नोंद होते त्या कागदात, तुमची आणि दोन्ही मुलांची नोंद आहे ना, नावाचं स्पेलिंग आधारशी जुळतं ना, ते तपासून घ्या. नोंद नसलेल्या मुलाचं ना वॉरंट (सरकारी खर्चाने रेल्वे तिकीट मिळवून देणारा कागद) निघत, ना दावा पास होत.

ट्रक ठरवताना ‘पार्ट लोड’ विचारा, म्हणजे तुमचं सामान दुसऱ्यांच्या सामानाबरोबर जातं. स्वस्त पडतं, पण पोचायला जास्त दिवस लागतात आणि वाटेत गाडी बदलली जाऊ शकते. म्हणून वस्तू सुट्या नकोत, सगळं पेट्यांत. काळ्या ट्रंकेचं वजन 30-35 किलोच्या वर जाऊ देऊ नका. दोघांना न पेलणारी ट्रंक हमाल उचलत नाहीत, ढकलतात, आणि तिचा तळ वाकतो. प्रत्येक पेटीवर पांढऱ्या रंगाने नंबर, नाव आणि पोचायचं ठिकाण लिहा, आत काय आहे ते मात्र वहीत. फ्रिज एक दिवस आधी बंद करून कोरडा करा, उभाच न्या, पोचल्यावर काही तास उभा ठेवून मगच चालू करा. समोरून उघडणारं वॉशिंग मशीन असेल तर ड्रम अडकवायचे बोल्ट मागून लावल्याशिवाय हलवू नका, नाहीतर ड्रम हिंदकळून आतले आधार तुटतात. लोखंडी कपाट आणि पलंग नेण्याआधी नव्या क्वार्टरला एमईएसचं (छावणीतल्या इमारती सांभाळणारं सैन्याचं खातं) फर्निचर मिळतं का ते विचारा. मिळत असेल तर ते पुण्यातच विका. रजया तिकडे घ्या, इथून नेल्या तर ट्रकमध्ये फक्त जागा अडवतात.

मोटारसायकल झेलम एक्सप्रेसने जाऊ शकते, ती पुण्याहून थेट जालंधर कॅन्टला जाते. टाकी पूर्ण रिकामी करा, आरसे काढा, टाकी आणि हेडलाइट गोणपाटात बांधा. आरसी, विमा आणि ओळखपत्राच्या प्रती लागतात. पार्सल ऑफिसला आदल्या दिवशी जा. पोचलेली गाडी वेळेत सोडवली नाही तर वार्फेज, म्हणजे ठेवणावळीचा दंड, चढतो. परराज्यात गाडी 12 महिन्यांपेक्षा जास्त राहणार असेल तर आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) घेऊनच निघा. पुढे कधी नवी गाडी घ्याल तेव्हा 2021 पासून सुरू झालेली बीएच मालिका, म्हणजे देशभर चालणारा गाडीचा नंबर, मागा, म्हणजे दर बदलीला हा व्याप नको.

गॅस सिलिंडर ट्रकमध्येही नको आणि रेल्वेतही नको. सिलिंडर, रेग्युलेटर एजन्सीला परत द्या, अनामत आणि व्हाउचर घ्या. जालंधरला अनामत चालू दराने भरावी लागेल, जुनी कितीही कमी असली तरी.

क्वार्टर सोडताना एमईएसचा माणूस यादी घेऊन नळ, पंखे, काचा मोजतो आणि तुटफुटीचे पैसे लावतो. दहा रुपयांचा वॉशर आधीच बदललेला बरा. नव्या घरात शिरताना उलट करा: तडकलेली काच, बंद पंखा त्याच दिवशी यादीवर लिहून सही घ्या, फोटो काढा. तेव्हा लिहिलं नाही तर ती मोडतोड तुमचीच ठरते.

शाळेचं काम क्वार्टरइतकंच आधी. मुलं केंद्रीय विद्यालयात असतील तर टीसीवर बदली मागता येते. राज्य मंडळाच्या शाळेतून जात असाल तर दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी पुण्यातच घ्या, आणि यू-डायसवर (शाळांची सरकारी ऑनलाइन नोंदणी) मुलाचं नाव ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्यांच्या यादीत, टाकायला सांगा. ते राहिलं तर नवी शाळा ऑनलाइन प्रवेश नोंदवू शकत नाही आणि तुम्ही तिकडून फोन करत बसता. पंजाबात 2008 च्या कायद्याने पहिली ते दहावी पंजाबी सक्तीची आहे, तेव्हा प्रवेश घेण्याआधी आठवीच्या मुलाला भाषेत काय सवलत मिळेल ते त्या शाळेला विचारा. दहावी-बारावीचं वर्ष असतं तर मी कुटुंब हलवूच नका म्हटलं असतं. त्या कारणासाठी क्वार्टर ठेवायची वेगळी परवानगी मागता येते.

बिल्टी (ट्रकवाल्याची माल घेतल्याची पावती), जीएसटीचं बिल, काट्याची वजन पावती, तिकिटं आणि मूव्हमेंट ऑर्डरची प्रत एकाच फाइलीत घाला आणि ती फाइल हातातल्या बॅगेत ठेवा, ट्रकमध्ये नाही.