अपील पॅरिसला गेले नसते तर

प्रश्न : बहमनी राज्याची पाच शकले झाली आणि त्यांपैकी विजापूरकरांकडून पोर्तुगीजांनी गोवा घेतला, हे आपण शाळेत शिकतो. मध्ययुगातील फ्रान्समध्ये तर राजापेक्षा बलाढ्य सरदार होते. मग ते राज्य तसे फुटले का नाही? आणि फुटायचेच असते, तर केव्हा फुटले असते? – एक निवृत्त शिक्षिका, फोंडा

उत्तर : तुलना चांगली आहे, पण एक फरक ध्यानात घ्यावा लागतो. बहमनी तरफदाराच्या (प्रांताच्या सुभेदाराच्या) हाती किल्ले आणि फौज आली की सुलतान होण्यात त्याला फारशी अडचण नसे. फ्रान्समधील ड्यूकला मात्र मुकुट हवा असेल, तर अभिषेक आणि पोपची किंवा सम्राटाची मान्यता या दोन्ही गोष्टी लागत. ९८७ मध्ये ह्यू कापे राजा झाला तेव्हा त्याची सत्ता प्रामुख्याने पॅरिस आणि ओर्लेआँच्या परिसरापुरती होती, परंतु अभिषेक झाला होता तो त्याचा. त्यानंतर १३१६ पर्यंत या घराण्यात बापामागून मुलगा असा वारसा अखंड चालला. वारसाहक्काचे भांडण नसल्याने सरदारांना फुटून निघण्याचे निमित्तच मिळाले नाही. हा निव्वळ दैवयोग होता, आणि ‘असे झाले असते तर’ हा खेळ खेळणाऱ्याने पहिला घाव इथेच घालावा.

बळाचा विचार केला, तर फुटीची वेळ ११५४ नंतरच येऊन ठेपली होती. फ्रान्सचा राजा सातवा लुई याच्यापासून विभक्त झालेल्या, आक्वितेनची वारस असलेल्या एलेनोरने ११५२ मध्ये हेन्री प्लॅन्टॅजनेटशी लग्न केले, तो दोनच वर्षांत इंग्लंडचा राजा झाला, आणि नॉर्मंडी, आंजू व आक्वितेन हे सारे प्रदेश त्याच्या एकट्याच्या हाती आले. तरीही ११५९ मध्ये त्याने तुलूझला वेढा घातला असताना लुई शहरात येऊन बसला आणि हेन्री माघारी फिरला. त्याची कारणे अनेक सांगितली जातात; मला पटणारे कारण असे, की ज्याच्यापुढे आपण मांडलिक म्हणून शपथ घेतली त्याच्यावरच हत्यार उचलले, तर उद्या आपले मांडलिक आपल्यावर उचलतील, हा हिशेब हेन्रीला कळत होता. पुढे त्याचा मुलगा जॉन याच्याविरुद्ध आक्वितेनमधील पोआतूच्या सरदारांनी फ्रान्सचा राजा फिलिप ऑगस्टस याच्या दरबारी दाद मागितली, जॉन हजर राहिला नाही, १२०२ मध्ये त्याच्या जहागिरी जप्त ठरल्या आणि १२०४ पर्यंत नॉर्मंडी गेली. लढाई झाली हे खरे, पण तिचे दार खटल्याने उघडले.

म्हणूनच फुटीचा क्षण शोधताना रणांगणापेक्षा दाद मागण्याचा हक्क पाहावा, असे मी म्हणतो. कूळ-मुंडकाराच्या खटल्यांत ज्याच्या चपला झिजल्या आहेत, त्या गोमंतकीयाला हे समजावून सांगायला नको. शेवटचे अपील जिथे चालते, तिथे राज्य असते.

या दृष्टीने माझी पसंती १३६० ला आहे. फ्रान्सचा राजा दुसरा जॉन १३५६ मध्ये प्वातिएच्या लढाईत इंग्रजांच्या हाती कैद झाला होता. ब्रेतिन्यीच्या तहाने त्याच्या सुटकेसाठी तीस लाख एक्यूंची खंडणी ठरली आणि विस्तारलेले आक्वितेन इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड याला पूर्ण सार्वभौम हक्काने द्यायचे झाले. त्या बदल्यात एडवर्डने फ्रान्सच्या मुकुटावरील दावा सोडायचा होता. मात्र दोन्ही बाजूंचे हे त्यागपत्र मुख्य तहातून काढून निराळ्या दस्तऐवजात घातले गेले, आणि त्याची देवाणघेवाण कधी झालीच नाही. एडवर्डचा मुलगा, म्हणजे ‘ब्लॅक प्रिन्स’, याने स्पेनमधील मोहिमेच्या खर्चापायी आक्वितेनवर चूलपट्टी बसवली, तेव्हा आर्मान्याक आणि आल्ब्रे येथील सरदार पॅरिसला दाद मागायला गेले. जॉननंतर फ्रान्सचा राजा झालेल्या पाचव्या चार्ल्सने ती दाद ऐकून घेतली आणि १३६९ मध्ये युद्ध पुन्हा पेटले.

ती कागदपत्रे वेळेवर हस्तांतरित झाली असती, तर सरदार चूलपट्टीवर चिडले असतेच, पण त्यांची तक्रार बोर्दो येथील ब्लॅक प्रिन्सच्या दरबाराविरुद्धचे निखळ बंड ठरली असती. दक्षिण-पश्चिमेला ऑक ही दक्षिणेची भाषा बोलणारे एक स्वतंत्र राज्य उभे राहिले असते, आणि ते एकदा टिकले, की बर्गंडीलाही वाट सापडली असती. बर्गंडीचा ड्यूक चार्ल्स १४७३ मध्ये ट्रियर येथे पवित्र रोमन सम्राट तिसऱ्या फ्रेडरिककडून राजमुकुट मिळवण्याच्या बेतात असताना सम्राट गुपचूप निघून गेला, आणि १४७७ मध्ये नान्सीजवळ चार्ल्स मारला गेला. मुकुटासाठी किती धडपड करावी लागे, याचा हा नमुना आहे.

बहुतेकांना १४२० चा त्र्वाचा तह सुचतो. मला तो उपयोगाचा वाटत नाही. त्या तहाने इंग्लंडचा पाचवा हेन्री फ्रान्सच्या गादीचा वारस ठरला, म्हणजे राज्य अखंडच राहायचे होते, फक्त त्यावरचा राजा बदलायचा होता.

प्रश्न : असे झाले असते, तर गोव्याच्या इतिहासात फरक पडला असता का? – एक विद्यार्थी, डिचोली

उत्तर : थेट फरक मला दिसत नाही, कारण लिस्बनहून आफ्रिकेच्या किनाऱ्याने निघालेली गलबते पॅरिसच्या परवानगीची वाट पाहत नव्हती. मात्र आपल्या प्रश्नामुळे एक उदाहरण हाताशी आले. पोर्तुगाल ही मुळात लेओनच्या राजाची जहागीर होती. तिच्या आफोन्सु एन्रिक्शने स्वतःला राजा म्हणवले, ११४३ मध्ये वर्षाला चार औंस सोने देण्याचे कबूल करून तो पोपचा मांडलिक झाला, आणि ११७९ मध्ये पोपने त्याचे राजेपद मान्य केले. आक्वितेनच्या ड्यूकला जे कधी जमले नाही, ते या छोट्या जहागीरदाराने करून दाखवले. गंमत अशी, की त्याचा बाप एन्रिक बर्गंडीच्या ड्यूक घराण्यातला, म्हणजे ह्यू कापेच्याच वंशातला होता. १५१० मध्ये ज्याच्या नावाने आल्बुकर्कने गोवा घेतला, तो मनुएल राजाही, मधली एक अनौरस पिढी धरून, त्याच वंशाचा होता.