मस्कतला दीडशे रियाल पगारात एकट्याचं भागेल का? घरी किती पाठवता येतील?

प्रश्न विचारणारे भाऊ राजापूरकडचे आहेत. इलेक्ट्रिशियन म्हणून ओमानला निघालेत, पगार १५० रियाल, रूम कंपनीची, जेवण आपलं आपण. घरी आईवडील आणि लग्नाची बहीण.

भागेल. मी ११० मध्ये भागवलंय. माझा भाचा सध्या तिथेच आहे. तो सांगतो की मेस तीसेक रियालच्या खाली पडत नाही, फोन-डेटा, साबण-तेल, अधूनमधून रुवीला, म्हणजे मस्कतच्या बाजारपेठेत, जाणं-येणं धरून पन्नासाच्या आत माणूस राहतो. म्हणजे शंभर रियाल घरी जातील. आज रियाल दोनशेच्या वर आहे, हिशोब तुम्हीच करा.

पण तुमचं शेवटचं वाक्य, 'घरचे विचारतायत महिन्याला किती येतील', ते मला लागलं. म्हणून एवढं लिहितोय.

मी २००९ ला गेलो. गाव गुहागर तालुक्यात, दाभोळच्या खाडीच्या अलीकडे. दहावी झालेली असल्याने पासपोर्टवर ईसीआरचा (नोकरीला जाताना सरकारी परवानगी लागते असा) शिक्का लागणार नव्हता, आयटीआय हातात होता. मुंबईच्या एजंटने पगार सांगितला १५० रियाल. त्याला द्यायचे साठ हजार रुपये आईच्या पाटल्या पतसंस्थेत ठेवून उभे केले. मस्कतला उतरल्यावर तिसऱ्या दिवशी कॅम्पच्या ऑफिसात सहीला कागद पुढे आला तो ११० चा. बेसिक ८०, बाकीचे ३० जेवणाचे. मी म्हटलं दीडशे ठरलेत. समोरचा म्हणाला, सही नको असेल तर परतीचं तिकीट स्वतः काढ. पाटल्या पतसंस्थेत. सही केली.

त्या रात्री घरी फोन लावला. आईने पहिलंच विचारलं, "दीडशेच ना रे?"

"हो."

बस, हा एक शब्द. पुढची पाच वर्षं मी तो फेडत होतो.

कसा ते आकड्यांत सांगतो, कारण यावरूनच आमच्या घरात वाजलं. तेव्हा रियाल सव्वाशे रुपयांच्या आसपास होता. दीडशे रियाल म्हणजे घरच्यांच्या डोक्यात पावणेएकोणीस हजार. मी पाठवायचो ८५ रियाल, म्हणजे दहा हजार सहाशे. दादा सरळ वजाबाकी करायचा: राहायला फुकट, मग हा एकटा माणूस महिन्याला आठ हजार कशावर उडवतो? माझ्याकडे प्रत्यक्षात उरायचे पंचवीस रियाल. त्यातले सोळा मेसला, चार-पाच फोनकार्डाला, राहिलेल्यात साबण, ब्लेड, डोकेदुखीची गोळी. दादा फोनवर तोंडाने काही म्हणायचा नाही. "तिकडे महागाई आहे वाटतं," एवढंच. त्या 'वाटतं'ने माझी झोप जायची.

खाण्यापिण्याचं मी तुम्हाला शिकवणार नाही, आपण कोकणातली माणसं. मस्कतच्या मत्रा भागातल्या मासळीबाजारात बाजार उठायच्या वेळेला जा. तारली इतकी स्वस्त मिळायची की पहिल्यांदा मला खरं वाटेना. तिथे ती सुकवून गुराढोरांना घालतात. पिशवी भरून आणायची, मीठ-हळद लावून फ्रीजरला टाकायची. आमसुलं आणि तिरफळं गावाहून न्या. तिरफळं मूठभर जरी नेलीत तरी वर्ष निघतं, तीन-चार दाणे ठेचून टाकले की पुरे. कुळथाचं पीठ दोन किलो न्या, पिठीभात झाला की दुसरं काही लागत नाही. हे सगळं जमतं. पोटाला माणूस कमी पडत नाही. कमी पडतो तो गावच्या हिशोबाला.

२०१३ चा ऑगस्ट. रुपया घसरत घसरत महिनाअखेरीस डॉलरला ६८ च्या पुढे गेला. ओमानी रियाल डॉलरला बांधलेला आहे, एक रियाल म्हणजे २.६ डॉलर, त्यामुळे रुपया पडला की रियाल आपोआप चढतो. पावणेदोनशेच्या वर गेला. रुवीच्या एक्स्चेंजबाहेर रांगा लागल्या. आमच्या रूममधल्या प्रत्येकाने कुठून ना कुठून उसने काढून पाठवले. आणि गावाला बातमी पोचली की आखातातल्यांचा पगार वाढला.

पगार वाढत नाही हो. मेसचे रियाल तेवढेच, साहेब देतो ते रियाल तेवढेच. फक्त पाठवलेल्याचे रुपये जास्त होतात.

तोवर माझा पगार १४० झाला होता. तीस रियालची वाढ मी घरी खरी सांगितलेली, म्हणून घरच्या हिशोबात तो १८०. दादाने गुणाकार केला, बत्तीस हजार. गणपती आठवड्यावर आलेले. त्याचा फोन आला: "दिवाळी झाली की चिरेखाणी सुरू होतील. आपण आत्ताच बयाणा देऊन ठेवू. खालची दोन खोल्यांची पडवी पाडून सरळ स्लॅबचं घर घेऊ. तीनशे रियाल पाठव." नाही म्हणायला तोंड उघडलं असतं तर आधी 'दीडशे कधीच नव्हते' हे सांगावं लागलं असतं. चार वर्षं उलटल्यावर ते कसं सांगणार?

आमच्या रूमची दहा जणांची भिशी होती, वीस-वीस रियालची. पहिला नंबर मी मागून घेतला. दोनशे ते, शंभर पगारातले, असे तीनशे पाठवले. त्रेपन्न हजार रुपये झाले. घरी गणपतीला पेढे वाटले.

पुढचे दहा महिने १४० मधून शंभर घरी, वीस भिशीला, वीस मला. मेस सोडली, कारण मेस वीसवर गेली होती. सकाळी चहा-खुबूस (तिकडची रोटी), रात्री डाळ-खुबूस. दुपारी साईटवर पाणी प्यायला उतरावं लागायचं म्हणून तेही टाळायचो, गच्चीवर काम असलं की उतरण्या-चढण्यात वेळ जायचा आणि मला ओव्हरटाईम हवा होता. जूनमध्ये भिशीचा शेवटचा हप्ता दिला आणि त्याच आठवड्यात गच्चीवर पाठीत कळ आली. वायरचं बंडल हातात होतं, ते तसंच टाकून गुडघ्यावर बसलो. दुपारी साडेबारा ते साडेतीन उन्हातलं काम तिथे जून ते ऑगस्ट बंद असतं, पण मला कळ आली अकराला. मुतखडा. तिथे उन्हात काम करून पाणी कमी पिणाऱ्याला हा ठरलेला.

दवाखान्यातून मला रूमवर आणलं ते आमच्या चाचांनी. खाडीपलीकडचे, दाभोळकडचे. फेरीबोटीच्या आमच्या जेट्टीवरून त्यांचं गाव दिसतं. १९८२ पासून ओमानात. त्यांनी माझ्या कॉटखालचा डबा उघडून बघितला, त्यात खुबूसचं अर्धं पाकीट आणि मिठाची पुडी. मला म्हणाले, "पगार सांगायची लाज वाटते तुला, उपाशी निजायची नाय वाटत?"

मी दुसऱ्या दिवशी फोन केला. सगळं सांगितलं. ११० पासून. दादा खूप वेळ गप्प होता. मग एवढंच म्हणाला, "मग तेव्हा हो का म्हणालास?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही त्याचं म्हणणं तेच आहे की मी खरं सांगितलं असतं तर त्याने चिरे मागितलेच नसते. आणि माझं म्हणणं हे की पाच वर्षांत एकदा तरी 'तू काय जेवतोस' असं विचारायला हवं होतं. आम्ही दोघं अजून इथेच अडकलोय.

आमच्या बाबांनी असं केलं नव्हतं. ते गिरणीत होते, परळला गावकीच्या खोलीत राहायचे, खानावळीत जेवायचे. एका खोलीत वीस-वीस माणसं, पाळीपाळीने झोपायचं. मस्कतचा कॅम्प बघून मला नवल वाटलं नाही ते त्यामुळेच, बाबांकडून सगळं ऐकलेलं होतं. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला आणि ते गावी आले ते कायमचे. मनीऑर्डरच्या फॉर्मला निरोप लिहायला एक चिंचोळी पट्टी असायची. पोस्टमन पैसे देऊन ती पट्टी फाडून घरी देत असे. आईने त्या पट्ट्या एका पत्र्याच्या डब्यात ठेवल्यात. मी परत आलो तेव्हा तिने दाखवल्या. बारीक अक्षरात, प्रत्येकीवर साधारण एकच मजकूर: पगार झाला, खानावळ, खोली आणि पठाणाचं व्याज वजा जाता उरले ते पाठवले आहेत. पठाण सावकाराचं व्याजसुद्धा लिहायचे. बायकोला. आणि मी मोबाईल हातात असून सांगू शकलो नाही.

म्हणून तुम्हाला जे सांगायचं ते हे. करारपत्र हातात आलं की त्याचा फोटो त्याच दिवशी घरी पाठवा. एजंटने सांगितलेला आकडा घरी सांगूच नका, कागदावरचा सांगा. कमी निघाला तर कमी सांगा. त्या दिवशी वाईट वाटेल, एक दिवस वाटेल.

दर महिन्याला पाठवायची रक्कम रुपयांत ठरवा, रियालमध्ये नाही. 'आई, पंधरा हजार येतील' असं. मग रियाल चढो की उतरो, घरात कोणी गुणाकार करत बसणार नाही. वरचे उरतील ते एनआरई खात्यात (परदेशात राहणाऱ्याचं, तिकडच्या कमाईचं खातं), आणि ते खातं एकट्याच्या नावावर. भावाबरोबर जोडखातं काढू नका, कितीही चांगला असला तरी. त्या खात्याच्या व्याजावर इथे कर नाही. आत्ताचं साधं बचत खातं मात्र तिकडे गेल्यावर एनआरओ (परदेशी गेलेल्याचं, इथल्या पैशांचं खातं) करून घ्यावं लागतं, बँकेला कळवा.

घराचं काम पहिली तीन वर्षं काढू नका. मी शृंगारतळीला दुकान चालवतो, चिपळूणच्या रस्त्याने जाताना दिसतात ना ती घरं, रंगीत कंपाऊंड, वर पाण्याची टाकी, गेटला कुलूप. त्यातल्या कितीतरी घरांची वायरिंग मी केलीय. मालक कुठे कतारला, कुठे कुवेतला. गणपतीत पंधरा दिवस उघडतात. त्या प्रत्येक घरामागे कोणीतरी कुठेतरी डाळ-खुबूस खाल्लेलं आहे, हे मला आता भिंतीला ड्रिल लावताना कळतं.

आणि ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम. ती तुमची आहे. मी २०१६ ला परतलो तेव्हा जुना कायदा होता, पहिल्या तीन वर्षांना पंधरा-पंधरा दिवसांचं बेसिक, पुढच्या प्रत्येक वर्षाला महिन्याचं. सात वर्षांचे साडेपाच महिने. माझं बेसिक ११०, मिळाले ६०५ रियाल, लाखभर रुपये. दादा म्हणाला, आता वरचा मजला घेऊ. मी नाही म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा. दुकान टाकलं. त्यावर तो वर्षभर माझ्याशी बोलत नव्हता आणि वहिनी अजूनही लोकांत म्हणते की घर आम्ही उभं केलं आणि दुकान याने स्वतःला केलं. ज्या वहीत मी रोजचा खर्च लिहायचो ती माझ्याकडे आहे. ऑगस्ट २०१३ ते जून २०१४ ही पानं कोणालाही दाखवायची माझी तयारी आहे. कोणी मागितलेली नाही. तुम्हीही अशी वही ठेवा.

आता दादाबद्दल एक राहिलं. त्याने माझा एक रुपया खाल्लेला नाही. आईचं सगळं त्याने केलं, चिऱ्याच्या गाड्या भर उन्हात उभं राहून त्याने उतरवून घेतल्या, पाटल्या त्यानेच सोडवून आणल्या. चूक माझ्या 'हो'ची आधी, त्याची नंतर. हे मी लिहिलंय ते त्याने वाचलं तरी चालेल.

बाकी दोन गोष्टी, ज्या खरं तर आधी सांगायला हव्या होत्या. एक, माझा अनुभव २००९ ते २०१६ चा आहे. २०२३ च्या नव्या कायद्यात ग्रॅच्युइटी दर वर्षाला महिन्याचं बेसिक झालीय, आणि २०२१ पासून करार संपल्यावर कंपनी बदलायला जुन्या मालकाची एनओसी लागत नाही. आमच्या वेळी या दोन्ही गोष्टी असत्या तर मी ११० वर राहिलो नसतो. वस्तूंवर पाच टक्के व्हॅटही २०२१ मध्येच आलाय, तो धरा. दोन, हे सगळं एकट्या माणसाचं गणित आहे. बायको-मुलं नेणार असाल तर दीडशेत विचारही करू नका.

एजंटला सरकारी नोंदणी आहे का ते ई-मायग्रेट या सरकारी साइटवर बघा. त्याला तीस हजार आणि त्यावरचा जीएसटी, याच्यावर घ्यायचा अधिकार नाही. दहावी नसाल, पासपोर्ट ईसीआर असेल तर प्रवासी भारतीय विमा काढल्याशिवाय सोडत नाहीत, पण तुम्ही दहावी असलात तरी काढता येत असेल तर काढा. दोन वर्षांचे २७५ रुपये, दहा लाखांचं कवच.

तुमच्या प्रश्नात १५० म्हटलंय, पण त्यात बेसिक किती ते लिहिलेलं नाही. आणि हा आकडा कागदावर बघितलाय की फोनवर ऐकलाय, तेही नाही. आजच एजंटकडून ऑफर लेटर मागून घ्या आणि खाली कमेंटमध्ये बेसिकचा आकडा टाका. मग ओव्हरटाईम धरून घरी किती जातील ते मी नीट मांडून देतो.