शिल्पाबद्दल विचारा : पाण्याखालची ती मुलं कोण?

प्रश्न : सर, आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर एक फोटो फिरतोय. समुद्राच्या तळाशी हात धरून गोल उभी असलेली दगडी मुलं. खाली लिहिलंय, 'जहाजावरून फेकून दिलेल्या आफ्रिकी गुलामांचं स्मारक'. २३ ऑगस्टला गुलामांच्या व्यापाराचा स्मरणदिन असतो, म्हणून नववीच्या फलकावर लावावा म्हणते. माहिती खरी आहे ना?
– एक शिक्षिका, चिपळूण

उत्तर : ताई, टाचण्या खाली ठेवा. फोटो खरा, ओळ खोटी.

ते शिल्प कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा बेटाजवळ आहे. जेसन डीकेअर्स टेलर या शिल्पकाराने तिथल्या आजच्या मुलांच्या अंगावरून साचे घेऊन २६ आकृत्या ओतल्या. २००४ च्या चक्रीवादळाने तिथल्या प्रवाळाची नासधूस झाली होती. उरलेल्या प्रवाळावरची पाणबुड्यांची गर्दी कमी व्हावी आणि या पुतळ्यांवर नवं प्रवाळ धरावं, हा हेतू. गुलामांचं स्मारक म्हणून हे केलेलं नाही, असं त्याने स्वतःच सांगितलं आहे.

मग ती मुलं बुडालेली का वाटतात? डोळे मिटलेले आहेत म्हणून. आमचा पेणला गणपतीचा कारखाना. एकदा हौसेने भाच्याच्या चेहऱ्याचा साचा घेतला होता. तोंडावर प्लास्टर थापायचं तर डोळे मिटावेच लागतात. पोरगं खाजेने कळवळलं, पण साच्यातून निघालेला चेहरा असा शांत, की माझ्या बहिणीने तो घरात ठेवू दिला नाही.

तरी फोटो पुढे ढकलणाऱ्यांना मी हसणार नाही. १७८१ साली गुलाम नेणाऱ्या 'झाँग' जहाजावरच्या खलाशांनी विम्याच्या पैशांसाठी सुमारे १३० बंदिवान खरोखरच समुद्रात लोटले होते.

तुम्हाला हवं आहे ते स्मारक जवळच, फ्रान्सच्या मार्टिनिक बेटावर आहे. नाव 'कॅप ११०', शिल्पकार लॉराँ व्हालेर. ८ एप्रिल १८३०च्या रात्री ल डायमाँ गावाजवळच्या खडकांवर गुलाम घेऊन आलेलं एक जहाज फुटलं. फ्रान्सने हा व्यापार तेव्हा बंद केलेला, म्हणजे माल चोरटा. जहाजाचं नावसुद्धा कळलं नाही. ८६ बंदिवान वाचले, त्यांत बायका-मुली जास्त. किनाऱ्याला लागलेल्या प्रेतांपैकी गोरे खलाशी दफनभूमीत गेले, काळ्यांना किनाऱ्याजवळच पुरलं. वाचलेल्यांचं करायचं काय, हा सरकारपुढे पेच. कायद्याने ते गुलाम नव्हते, पण मोकळं कोण सोडतो? पाठवून दिले फ्रेंच गयानात, कायेनला.

फ्रेंच वसाहतींतली गुलामगिरी संपल्याला १९९८ साली १५० वर्षं झाली, तेव्हा तिथे १५ पुतळे उभे राहिले. प्रत्येक आठेक फूट उंच. खांदे गळालेले, माना खाली, दंड सरळ लोंबते. मांडणी त्रिकोणी, कारण व्यापारही युरोप, आफ्रिका आणि अमेरिका असा तीन टोकांचा. फ्रेंचमध्ये 'कॅप' म्हणजे जहाजाने धरलेली दिशा. होकायंत्रावर ११० अंश धरले की समोर आफ्रिकेचं गिनीचं आखात येतं. सगळे तिकडेच बघतायत.

वर्गात एक पोरगं हमखास विचारेल, 'माणसं काळी, मग पुतळे पांढरे का?' तिकडे पांढरा रंग सुतकाचा. आपल्याकडेही मयताला पांढरंच नेसून जातात, एवढं सांगितलं की पुरे. काँक्रीटला तो पांढरेपणा त्रिनिदादच्या वाळूने आणलाय. मी तिथे गेलेलो नाही, पण सिमेंटमध्ये हात घातलेला माणूस म्हणून सांगतो, खारा वारा झेलत काँक्रीट पांढरं ठेवणं सोपं नाही.

फोटो निवडताना पुतळ्यांच्या पाठीमागून काढलेला घ्या. चेहरे नसले तरी चालतील, समोरचा समुद्र दिसला पाहिजे. आणि ग्रेनाडाची मुलं फुकट घालवू नका; खालची ओळ कापून विज्ञानाच्या बाईंना द्या, प्रवाळाच्या धड्याला उपयोगी पडतील.